सोजराबाईचं मुसळ

साखऱ्यात ग्रहण आभाळात लागायच्या आधी सोजराबाईच्या घरी लागायचं. पंचांगात तिथी दिसली की आठवडाभर आधीपासून बाई गल्लीगल्लीतून फिरायला लागायची. कोणाची सून गरवार आहे, तिला कितवा महिना आहे, हे त्या सुनेच्या सासूपेक्षा सोजराबाईला जास्त ठाऊक.

"इळी माळ्यावर टाका. सुई-दोरा कुलपात घाला. गिराण हाय तवर हातात लोखंड धरायचं न्हाई. काही चिरायचं न्हाई, काही तोडायचं न्हाई, पायाची घडी घालायची न्हाई. अंधाऱ्या खोलीत उताणं पडायचं आन् देवाचं नाव घ्यायचं."

एखादी नवी पोरगी धीर करून विचारायची, "आन् शिंक आली तर?" सोजराबाई तिच्याकडे अशी बघायची, की शिंक आल्या पावली परत जायची.

बाई गावची सुईण होती. साखऱ्यातली निम्मी जनता तिच्या हातांवर जन्मली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तिनं पहिली चापटही मारली होती, त्यामुळे तिच्यापुढे फार शहाणपण कोणी करत नसे. सरकारनं एकदा सगळ्या सुईणींना बोलावून शिकवलं होतं आणि साबण, दोऱ्याचं रीळ, ब्लेड असं सामान घातलेला पत्र्याचा डबा दिला होता. तो डबा तिनं देवळीत खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला होता. तिथली डॉक्टरीण सांगते तेही खरं आणि पंचांग सांगतं तेही खरं, अशा दोन सवती तिच्या डोक्यात गुण्यागोविंदानं नांदत होत्या. पण दोघींचं भांडण लागलंच, तर कोण कोणाच्या झिंज्या धरणार, हे तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं.

आणि मुसळ होतं. सासूच्या वेळचं, बाभळीचं, खाली लोखंडी कडं बसवलेलं, मिरच्या कुटून कुटून बूड सपाट झालेलं. ग्रहण लागलं की अंगणात पितळी परात मांडायची, तिच्यात पाणी ओतायचं आणि मधोमध ते मुसळ उभं करायचं. ग्रहण असेपर्यंत ते कोणाच्या आधाराशिवाय उभं राहतं आणि सुटलं की आपोआप पडतं, असा गावाचा पक्का विश्वास. आभाळ मोकळं असलं तर मुसळाचं फारसं काम पडत नसे. चंद्र उजळ दिसला की पोरं कल्ला करत अंगणात घुसायची आणि कोणाचा तरी पाय लागून मुसळ पडायचंच. ग्रहण नसलेल्या दिवशी परातीत मुसळ उभं करून बघायचा रिकामा उद्योग मात्र साखऱ्यात कोणी केला नव्हता.

सोजराबाई इतकी कडक का, हे गावाला माहीत होतं, पण तिच्यासमोर कोणी बोलत नसे. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला पहिला मुलगा झाला होता. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. टाळूलाही भेग होती. त्याला दूध ओढता येईना. वाटीनं पाजलं तर ते नाकातून बाहेर यायचं. बारशाआधीच तो गेला. सुतकातच सासूनं विचारलं, "गिराणात काय चिरलंस?" सोजरानं काहीच चिरलं नव्हतं. सासूनं दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, पाण्याला आलेल्या बायांसमोर विचारलं. इतक्यांदा विचारलं, की शेवटी त्या पोरीला आठवलं. अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या चोळीच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता, तो तिनं दातानं तोडला होता.

"तवा मुसळ पडलं व्हतं का?" सासूनं विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर सोजराबाईला उभ्या जन्मात सापडलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून भागवत झाला. त्या नऊ महिन्यांत तिनं कोथिंबिरीची काडीसुद्धा तोडली नव्हती.

हिंगोली वेगळा जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं तेव्हाची, दोन हजार सालातली ही आषाढी पौर्णिमा. भागवतची बायको मंजुळा, औंढ्याकडची, पहिलटकरीण, नववा लागलेला. पोरगी गुणाची. सोजराबाईला ती मनापासून आवडायची आणि म्हणूनच त्या दिवशी तिनं तिला जीव नकोसा करून सोडला होता.

भागवत सकाळी रेडिओ ऐकून आला. "माय, रेडिओवाला सांगून राहिला, ह्या गिराणाला काही लागत न्हाई. दिवस मावळला की उगवतीकडं तोंड करून अंगनात हुबं ऱ्हायचं, नुसत्या डोळ्यानं बघायचं. काच न्हाई, काही न्हाई. चांद गिळेलच उगवनार हाय. पयले तांबडा दिसल, मंग एका कडेनं उजळत जाईल. साडेनवाला समदा मोकळा. गरवार बाईनंबी बघावं म्हंते, काही होत न्हाई."

"रेडिओला लेकरं झाली का कधी?" सोजराबाई म्हणाली, आणि तिनं खोलीच्या खिडकीवर पोतं ठोकलं.

दुपार कलली तशी मंजुळाच्या कंबरेत कळ आली. तिनं आधी ती दाबून ठेवली. दुसरी आली तेव्हा मात्र चौकटीला धरून खाली बसली. भागवत चपला घालूनच आत आला. "माय, जीप आनतो. सेनगावला दवाखान्यात नेऊ."

सोजराबाईनं सुनेच्या पोटाला हात लावला. पहिली खेप, कळा लांब लांब, अजून पुष्कळ अवकाश होता. तिच्या हातांना हे बरोबर कळत होतं. पण बाहेर ऊन उतरायला लागलं होतं आणि तासाभरात ग्रहण लागणार होतं. गरवार बाईला उघड्या आभाळाखालून, ग्रहणात, जीपमध्ये घालून न्यायचं?

"पहाटपतोर काही व्हत न्हाई. गिराण सुटू दे, मंग जीप आन."

"आन् तोवर काही झालं तर?"

"म्या हाय ना! तुला कुनी काढलं व्हतं बाहीर, दवाखान्यानं का?"

भागवतनं चपला काढून ठेवल्या. आईपुढे त्याचं कधी चालत नसे. मंजुळा अंधाऱ्या खोलीत उताणी पडली. पाय सुजलेले, घसा कोरडा. वेध लागल्यामुळे सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. तिनं कुशीवर वळायचा प्रयत्न केला तर सोजराबाई ओरडली, "हलू नको!" कळ आलेल्या बाईला हलू नको म्हणणारी ही पहिली सुईण असेल. तिलाही ते कळत होतं आणि स्वतःच्या आवाजाची तिची तिलाच लाज वाटली. पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

दिवस मावळला. आभाळ गच्च भरलेलं. उगवतीकडे ना तांबडं, ना पिवळं, काहीच नाही. सोजराबाईचा नवरा दगडोबा, सरळमार्गी माणूस, घोंगडं पांघरून माळवदावर जाऊन बसला. त्या छपरावरून चंद्र बघायचा आणि सुटला की गावाला हाक द्यायची, हे त्याचं पिढीजात काम. गाव दारं लावून, उपाशीपोटी, त्या हाकेची वाट बघत होतं. अंगणात परात मांडली होती, मुसळ उभं होतं आणि बारीक पावसाचे थेंब परातीत टपटपत होते.

आत मात्र सोजराबाईचा हिशोब चुकायला लागला होता. कळा लांब लांब यायच्या सोडून एकीवर एक यायला लागल्या. पहाटेचं लेकरू रात्रीच्या पहिल्या प्रहरालाच दार ठोठावायला लागलं. शेजारची निर्मलाबाई कंदील धरून बसली होती. मंजुळाचा ओठ दाताखाली फाटला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला भ्या वाटून राहिलं. मव्हं लेकरू जाईल का हो?"

सोजराबाईनं आजवर शंभर बायांना 'काही व्हत न्हाई' म्हटलं होतं. त्या वेळी तिच्या तोंडून ते शब्द बाहेर येईनात. भागवतनं खोलीच्या दाराशी उभं राहून हे ऐकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला न विचारता त्यानं सायकल बाहेर काढली.

"घरातलं एकलं घड्याळ तुह्या मनगटावर हाय, ते तर ठिवून जाय!" सोजराबाई मागून ओरडली. पण तो चिखलात लांब गेला होता.

आता ग्रहण आहे की सुटलं, हे सांगायला त्या घरात दोनच जण उरले. माळवदावर दगडोबा आणि अंगणात मुसळ.

"अवो, काय दिसून राहिलं?" सोजराबाईनं दारातून विचारलं.

"आभाळ."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "आता?"

"आभाळच. उलीसं उजळल्यागत वाटून राहिलं. मुसळ पडलं का?"

सोजराबाईनं अंगणात डोकावलं. मुसळ खांबासारखं उभं होतं. "न्हाई."

"मंग उजळलं नसल. मह्या डोळ्याचा भास," दगडोबा म्हणाला आणि घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं.

ती आत वळली तेवढ्यात मंजुळा किंचाळली. डोकं दिसायला लागलं होतं. सोजराबाईनं हात धुतले, गुडघ्यावर बसली आणि मग सगळं भराभर झालं. "जोर कर, लेकी, आता कर." डोकं बाहेर आलं. आलं आणि तिथंच थांबलं. तिनं बोट मानेशी नेलं. नाळ. गळ्याभोवती दोन वेढे, इतके घट्ट की खाली बोटसुद्धा जाईना. डोक्यावरून काढायचा तिनं प्रयत्न केला. निघेना. मंजुळा जोर करत होती आणि प्रत्येक जोराबरोबर वेढा आवळत होता. लेकराचं तोंड जांभळं पडत होतं.

करायचं काय, हे तिला माहीत होतं. डबा देणाऱ्या डॉक्टरणीनं दोनदा करून दाखवलं होतं. दोन ठिकाणी दोऱ्यानं आवळून बांधायचं आणि मधे कापायचं. कापायचं. ग्रहणात. लोखंडानं.

"निर्मले, मुसळ बघ."

निर्मलाबाई कंदील ठेवून पळत गेली, पळत आली. "हुबं हाय, आक्का."

"नीट बघितलंस?"

"हुबं हाय!"

सोजराबाईच्या डोळ्यांसमोर तो ओठ आला. नाकापर्यंत फाटलेला. त्यातून ओघळणारं दूध आणि दूध मिळत नाही म्हणून रडून रडून दमलेलं, तिच्या मांडीवरचं, बिननावाचं ते लेकरू. एकदा तोडलं होतं तर तेवढं भोगावं लागलं. आता ह्या लेकराचं काय होईल? नाही कापलं, तर काय होईल ते तर समोर दिसतच होतं. जांभळं आता काळं व्हायला लागलं होतं.

"आत्याबाई..." मंजुळा म्हणाली.

"डबा उघड," सोजराबाई म्हणाली. "रीळ दे."

तिनं पहिला दोरा नाळेभोवती फिरवला, गाठ मारली. एक हात लेकराच्या डोक्याखाली होता. ब्लेड अजून कागदात होतं. रीळ निर्मलाबाईच्या हातात. दोरा तोडायला हात मोकळा नव्हता. सोजराबाई खाली वाकली. मग तिनं तो दोरा दातात धरला आणि तोडला.

तोच आवाज. इतक्या वर्षांत ती तो आवाज विसरली नव्हती.

दुसरी गाठ मारली, तो दोराही दातानंच तोडला. ब्लेडचा कागद निर्मलाबाईनं फाडून दिला. "देवा, जे काय करायचं ते मला कर," ती मोठ्यानं म्हणाली आणि दोन गाठींच्या मधून नाळ कापली. वेढे सुटले. "जोर कर, मंजुळे! मह्या लेकी, जोर कर!" खांदा आला, दुसरा आला आणि सगळं लेकरू तिच्या हातांवर घरंगळलं.

पोरगी होती. पण ती रडेना. अंग मऊ, लुळं. सोजराबाईनं धोतराच्या चिंधीनं तोंड पुसलं, नाक पुसलं, उपडं धरून पाठ चोळली, तळव्याला टिचक्या मारल्या. निर्मलाबाई देवाचं नाव घ्यायला लागली तर तिच्यावर खेकसली, "गप! ऐकू दे मला!" पुन्हा पाठ चोळली. बाहेर पाऊस थांबला होता. परातीत थेंब पडायचा आवाजही बंद झाला होता. मंजुळा डोकं उचलून बघत होती आणि विचारत नव्हती.

मग लेकराच्या छातीत काहीतरी अडखळलं. एक खोकल्यासारखा आवाज आला आणि मागून रडणं आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं.

सोजराबाईनं कंदील ओढून घेतला आणि सगळ्यात आधी तिच्या ओठावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग तोंडात करंगळी घालून टाळू चाचपली. ओठ अख्खा होता. टाळू अख्खी होती. पोरगी ती करंगळीच ओढायला लागली.

"वढून राहिली गं," सोजराबाई म्हणाली, "बघ, वढून राहिली!" आणि तिला एवढा आनंद झाला की तो कुठं ठेवावा ते कळेना.

नाळेमागून जारही पडला. रक्त जायचं तेवढंच जात होतं. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. भागवत चिखलानं माखून आत आला आणि रडणं ऐकून दारातच मटकन बसला.

"बसू नको," आई म्हणाली. "जीपमंदी गोधड्या टाक. मंजुळीला आत्ताच दवाखान्यात न्यायचं. लई तकलीफ झाली तिला."

"आत्ता? गिराणात?" निर्मलाबाई म्हणाली.

"गिराणात तर गिराणात."

"कशाचं गिराण, माय?" भागवत म्हणाला. "कवाच सुटलं. सेनगावच्या चौकात बघितला न्हवं का समद्यांनी. तिकडं ढग फाटले व्हते. अर्धा निघालेला म्या पाहिला आन् जीप निघस्तोवर समदा मोकळा झाला. लोकांच्या आंघोळी झाल्या, जेवनं झाली."

तो गोधड्या घेऊन जीपकडे पळाला. सोजराबाई हात धुवायला अंगणात आली. माळवदावर दगडोबा उभा होता, घोंगडं खांद्यावर, पार गोंधळलेला.

"बरं झालं आलीस. चांद तर साफ दिसून राहिला, आत्ताच ढगातून आला. पन मुसळ हुबं हाय. हाक मारू का नको?"

सोजराबाईनं वर पाहिलं. चंद्र भाकरीसारखा अख्खा होता, कुठंही कोर तुटलेली नव्हती. तिनं खाली पाहिलं. परातीतल्या पाण्यात तोच चंद्र पडला होता आणि त्याच्या शेजारी मुसळ उभं होतं. हललंही नव्हतं. तिचे रक्ताचे हात धुवायचे तसेच राहिले.

"अवो," ती म्हणाली, "आपल्या पयल्या लेकराच्या वक्ताचं गिराण. त्या रातीला आभाळ व्हतं का?"

दगडोबा जिन्यावरून खाली आला. "व्हतं की. झड लागेल व्हती. चांद रातभर दिसलाच न्हाई."

"मंग मी दोरा तोडला तवा गिराण हाय का सुटलं, हे कुनी सांगितलं?"

दगडोबानं तोंड उघडलं आणि त्याची नजर परातीकडे गेली. त्याची हनुवटी हलायला लागली.

"ह्यानंच ना?" सोजराबाई म्हणाली.

तिनं पुढे होऊन मुसळाला हात लावला. हळूच ढकललं. ते पडलं, परात उलटली आणि पितळेचा खणखणाट गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"पडलं! सोजराबाईचं मुसळ पडलं!" शेजारच्या दारातून कोणीतरी ओरडलं. "सुटलं! गिराण सुटलं!" एकेक दार उघडत गेलं. पोरं बाहेर पडली, आंघोळीचं पाणी ओतलं जायला लागलं, चुली पेटल्या. सगळं गाव चंद्राकडे बघून हात जोडत होतं.

सोजराबाई ओल्या अंगणात उलट्या परातीशेजारी बसली होती. आतून नातीचं रडणं ऐकू येत होतं. एवढ्या वर्षांत ती आपल्या पहिल्या लेकरासाठी मोकळेपणानं रडली नव्हती, कारण मारणाऱ्यानं रडायचं नसतं असं तिला वाटायचं. आता ती पदरात तोंड घालून मोठ्यानं रडत होती आणि मधेच त्या बिननावाच्या पोराला सांगत होती, "तुह्या मायनं काही केलं न्हवतं रं, बाळा. काहीच केलं न्हवतं."